बाराच्या गाडीला तेराचा मोह

१४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००च्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्या गाडीने आता चाळिशी ओलांडली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही वयोमर्यादा संपल्यामुळे निवृत्त झाली. कालपर्यंत ज्या गाड्या भंगारच्या भावात जात होत्या, त्यांना आता लोक ‘क्लासिक’ म्हणू लागले आहेत. आमच्या इंदुरातही एमपी ०९ पाटीच्या जुन्या ८०० आणि पद्मिनींवरच्या ताडपत्र्या निघताहेत. कार्ब्युरेटर साफ होतो, सीटकव्हर नवं येतं, रंग चढतो आणि मग सगळ्यात आधी जी हौस उसळते ती अलॉय व्हीलची. छोटीशी गाडी, त्यात बारा इंची चाकं, म्हणजे ती ‘भरलेली’ दिसत नाहीत. म्हणून तेराची टाका, जरा रुंद टाका.

टाकून झाल्यावर पहिल्याच यू-टर्नला मडगार्डच्या आतून ‘खर्र’ असा आवाज येतो. मागे दोघं बसले की स्पीडब्रेकरवर दुसरा आवाज. दुकानात तर चाक व्यवस्थित बसलं होतं, नटही कसले होते. मग हे घासतंय कुठे?

याचं कारण असं की चाक गाडीला दोन ठिकाणी बसावं लागतं. एक हबवर, म्हणजे जिथे नट कसतात तिथे. दुसरं पत्र्याच्या आतल्या पोकळीत, जिथे ते सतत वर-खाली होतं आणि डावी-उजवीकडे वळतं. दुकानदार पहिलं बसणं बघतो. दुसरं आपणच बघायचं असतं, आणि पैसे देण्याआधी.

टायरवरचे आकडे काय सांगतात

मारुती ८००च्या टायरवर साधारण असं लिहिलेलं असतं: १४५/७० आर१२ ६९ एस. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या धाग्यांची रचना, आणि १२ म्हणजे रिमचा, टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. ६९ हा वजनाचा संकेत आहे, एका टायरवर जास्तीत जास्त ३२५ किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. ८००ला तेवढ्या वेगाने कोणी पळवणार नाही, पण वजनाचा आकडा मात्र मुळापेक्षा कमी असता कामा नये.

यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो. १४५चे ७० टक्के म्हणजे १०१.५. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून २०३. त्यात १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर मिळवा. उत्तर आलं ५०८ मिलिमीटर. हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब याच्याशीच जुळवायचा आहे.

आता दुकानात सुचवला जाणारा १५५/६५ आर१३ घ्या. त्याचा व्यास येतो ५३२. म्हणजे पावणेपाच टक्के मोठा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण टायरचा वरचा काठ मडगार्डच्या १२ मिलिमीटर जवळ गेला. शिवाय स्पीडोमीटर आता कमी दाखवणार. काटा ६०वर असेल तेव्हा गाडी खरी ६३च्या आसपास असेल. आणि मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांब. ७९६ सीसीचं इंजिन, अश्वशक्ती चाळीसच्या आत. खंडवा रोडवरच्या भेरूघाटात चौघं बसवून चढताना तिसऱ्यावर निघणारी गाडी मग दुसरा मागते.

व्यासात मुळापेक्षा फार तर दोन-तीन टक्क्यांचा फरक चालवून घ्यावा. मला विचाराल तर जुन्या गाडीला एका टक्क्याच्या आतच राहावं. १५५/६५ आर१२ हा साइझ बघा. टाटा नॅनोच्या मागच्या चाकांना तोच यायचा. त्याचा व्यास येतो ५०६ मिलिमीटर, म्हणजे मुळाशी जवळजवळ बरोबर, आणि रुंदी फक्त १० मिलिमीटरने जास्त. ज्याला थोडा भरीव टायर हवाय त्याने आधी या दिशेने बघावं. तेराचा विचार त्यानंतर.

पद्मिनीवाल्यांची अडचण वेगळी. जुन्या टायरवर नुसतं ५.२०-१४ असं लिहिलेलं असतं. रुंदी इंचांत, टक्के नाहीतच. हे क्रॉसप्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या रचनेचे टायर, ज्यांना आपल्याकडे दुकानात ‘नायलॉन’ म्हणतात. त्यांची भिंत जवळजवळ रुंदीइतकीच उंच असायची. हिशोब केला तर व्यास ६१० मिलिमीटरच्या आसपास जातो. रेडियलमध्ये १५५/८० आर१४ घेतला तर तो ६०४ येतो, १६५/८० आर१४ घेतला तर ६२०. पहिला बरा. एक गोष्ट मात्र पक्की: दोन नायलॉन आणि दोन रेडियल असा संसार करू नका. वळणावर दोन्हींचं वागणं वेगळं असतं, आणि ते ऐन वळणात कळतं.

ऑफसेट: सगळी गडबड इथे होते

व्यास आणि रुंदी टायरवर छापलेली असते, म्हणून ती सगळे बघतात. घासण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रिमच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या एका छोट्या आकड्यात असतं. त्याला ऑफसेट म्हणतात. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला जिथे टेकते ती जागा, या दोघांतलं अंतर म्हणजे ऑफसेट.

मल्हारगंजातल्या एखाद्या जुन्या घराची जाड भिंत डोळ्यासमोर आणा. भिंतीत खिडकीची चौकट आहे. चौकट रस्त्याच्या बाजूच्या कडेला असेल, तर भिंतीची जाडी खोलीच्या बाजूला जाते आणि आत बसायला ऐसपैस कट्टा मिळतो. चौकट खोलीच्या कडेला असेल, तर कट्टा रस्त्याकडे येतो. भिंतीची जाडी दोन्हीकडे सारखीच. आता चौकट म्हणजे हबला टेकणारा रिमचा भाग आणि भिंत म्हणजे रिमची रुंदी. चौकट हबला पक्की, तिला हलता येत नाही. त्यामुळे जे सरकतं ते भिंत. चौकट बाहेरच्या कडेला, म्हणजे ऑफसेट अधिक: चाक आत, सस्पेन्शनच्या दिशेने सरकतं. चौकट आतल्या कडेला, म्हणजे ऑफसेट कमी किंवा उणे: चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं.

आकड्यांत बघू. समजा मूळ रिम ४ इंच रुंद, ऑफसेट ४० मिलिमीटर. नवी रिम ५ इंच, ऑफसेट ३५. रुंदीचा अर्धा भाग मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्यातून ऑफसेट वजा करा, म्हणजे हबपासून बाहेरचा काठ मिळतो. मूळ रिमचा येतो ५०.८ वजा ४०, म्हणजे १०.८. नव्या रिमचा ६३.५ वजा ३५, म्हणजे २८.५. बाहेरचा काठ जवळजवळ १८ मिलिमीटर पुढे आला. आतल्या काठासाठी वजाबाकीऐवजी बेरीज करा: ९०.८ होते ते ९८.५ झाले. म्हणजे आतही पावणेआठ मिलिमीटर. एक इंच रुंदी वाढवली आणि ती दोन्हीकडे अशी विषम वाटली गेली. हे गणित घरीच, कागदावर करायचं. दुकानात उभं राहून होत नाही, तिथे चहा आलेला असतो.

यावर टायरची स्वतःची फुगवट असते ती वेगळीच. रिम अर्धा इंच रुंद झाली की त्याच टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटरने वाढते. टायरवर छापलेले १४५ म्हणजे एका ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेले १४५. रुंद रिमवर तोच टायर पसरतो.

पत्रा कुठे कुठे आड येतो

आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या ८००च्या पुढच्या मडगार्डमध्ये टॉर्च टाकून बघितलं होतं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलेलं. आतल्या मातकट पत्र्यावर एकच जागा काळी, गुळगुळीत आणि चकचकीत. टायरच्या खांद्याने घासून घासून केलेली. ती जागा होती चाकावरच्या कमानीच्या मागच्या, खालच्या टोकाला, दाराच्या बाजूला. काका म्हणाले, “अरे, पण चाक तर वरून इतकं लांब आहे!” लोक वरच बघतात. वर बोट घालून बघतात आणि खूश होतात. पण ज्या बाजूला वळतो त्या बाजूच्या टायरचा पुढचा भाग बाहेर येतो आणि मागचा आत जातो, त्यामुळे पूर्ण वळणावर पहिली टक्कर बहुतेक वेळा मागच्या-खालच्या कोपऱ्यात होते.

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला स्ट्रट असतो: शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब. टायरची आतली भिंत त्याच्या अगदी जवळून फिरते. ऑफसेट थोडा चुकला तरी टायर तिथे घासतो, आणि हे घासणं बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल चरा दिसला की समजावं. कापलेली भिंत हायवेवर फुटते.

मागे वेगळंच. तिथे वळणं नाही, पण वजन आहे. गाडी रिकामी असताना हातभर जागा वाटते. मागे तिघं आणि डिकीत सामान भरलं की तीच जागा भरून येते, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की टायर कमानीच्या आतल्या किनारीला लागतो.

मोजण्याची रीत साधी आहे. मिस्त्री वापरतात तो ओळंबा घ्या, मडगार्डच्या सर्वांत बाहेरच्या किनारीवरून सोडा. दोरी टायरच्या पोटापासून किती लांब लोंबते ते मोजा. तेवढी तुमची बाहेरची जागा, वापरता येणार नाही असा थोडा भाग त्यातून काढून. मग मुलांची खेळायची क्ले घ्या. पुढच्या स्ट्रटवर, कमानीच्या आतल्या किनारीवर आणि त्या मागच्या-खालच्या कोपऱ्यावर बोटभर जाडीचे गोळे चिकटवा. गाडीत चौघं बसवा, कॉलनीतल्याच स्पीडब्रेकरवरून हळू न्या, दोन्हीकडे पूर्ण वळवा. मग गोळे बघा. ज्याच्यावर टायरचा ठसा उमटला, तिथे आजच, मूळ टायरवरच, जागा संपत आली आहे. चपटा झालेल्या गोळ्याची उरलेली जाडी तुमच्याकडे किती मिलिमीटर शिल्लक आहेत ते सांगते. नवा टायर त्यातले किती खाणार, ते वरच्या गणितातून येतं. कुठेही निदान १० मिलिमीटर उरले पाहिजेत असा मी हिशोब धरतो. टायर वळणावर वाकतो आणि जुन्या गाडीचे बुशही, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं, थोडे ढिले असतात.

“भिया, बैठ जाएगा”

हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. खोटंही नसतं. फक्त ते हबबद्दल असतं, पत्र्याबद्दल नाही. आणि हबबद्दलही दोनदा तपासावं.

चार नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार नटांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. मारुती ८००चा पीसीडी ११४.३ मिलिमीटर आहे. आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा १००. हा फरक डोळ्याला दिसतो. धोका असतो तो जवळच्या आकड्यांचा. जुन्या इंग्लिश मिनी गाडीचा पीसीडी १०१.६, म्हणजे बरोबर ४ इंच. त्यावर १०० पीसीडीची रिम जोर लावून बसवता येते. नट कसले जातात, पण तिरपे. ते रोज थोडे सैल होत जातात आणि कधी सुटतील याचा भरवसा नसतो. ‘थोडं जोर लावलं की बसतं’ असं कोणी म्हणालं की रिम परत करा.

नटाचं टोकही बघा. स्टीलच्या रिमचा नट आणि अलॉयचा नट एकच असेलच असं नाही. एकाचा बसण्याचा भाग शंकूच्या आकाराचा, दुसऱ्याचा गोल किंवा सपाट. चुकीचा नट कसला जातो, पण धरत नाही.

रुंद टायरने पकड वाढते ना?

कोरड्या रस्त्यावर, ताकदवान इंजिन असलेल्या, वेगात वळणाऱ्या गाडीची वाढते. ८००चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. एवढं हलकं वजन रुंद टायरवर पसरलं की पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो. अरुंद टायर तेच पाणी कापत जातो. शिवाय जुन्या ८००ला पॉवर स्टिअरिंग नाही. राजवाड्याच्या गर्दीत पार्किंगसाठी गाडी आत घेताना रुंद टायर म्हणजे काय ते दंडाला कळतं. ऑफसेट बदलल्याने बाहेर आलेलं चाक बेअरिंगवरही जास्त ओढ टाकतं आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटका देतं.

मिनीचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९५९मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी ती गाडी १० इंची चाकांवर काढली, म्हणजे चाकांनी आतली बसायची जागा कमी खावी. डनलॉपने त्यासाठी खास टायर बनवले. १९८४मध्ये पुढे मोठे डिस्क ब्रेक आले. ते १० इंचात मावेनात, म्हणून चाकं १२ इंची झाली. टायर कुठला? १४५/७० आर१२. आपल्या ८००चाच साइझ. आणि त्यासोबत कंपनीला कमानींवर प्लास्टिकच्या रुंद किनारी लावाव्या लागल्या. नव्वदीच्या उत्तरार्धात १७५/५० आर१३ आले, त्यांना आणखी रुंद किनारी. गंमत अशी की १७५/५० आर१३चा व्यास येतो ५०५ मिलिमीटर, ८००च्या मूळ टायरपेक्षा तीनच मिलिमीटर कमी. व्यासात सगळं बसतं. पण रुंदी ३० मिलिमीटरने वाढते, आणि ती कुठे जाणार? ज्या कारखान्याने गाडी बनवली, त्यालाही चाक रुंद करताना पत्र्याबाहेर किनार वाढवावी लागली. आपण मात्र रिम बदलून पत्रा तसाच ठेवतो आणि आवाज आला की नवल करतो.

मग किनार ठोकून घेतली तर?

डेंटरकडे गेलात तर तो हेच सुचवेल. कमानीची आतली किनार हातोडीने किंवा रोलरने आत दाबायची. चार-सहा मिलिमीटर मिळतात, हे खरं.

पण जुन्या गाडीच्या कमानीची किनार म्हणजे एक पत्रा नसतो. बाहेरचा पत्रा आणि आतल्या पोकळीचा पत्रा किनारीवर एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. दोघांत सील भरलेलं असतं, जे चाळीस वर्षांत आधीच सुकलं आहे. ती किनार वाकवली की जोड थोडा उघडतो, रंगाला बारीक तडे जातात. इंदूरचा पाऊस, चाकाने उडवलेला चिखल आणि ती उघडी फट, तिघं मिळून आतून गंज सुरू करतात. वर रंग टवटवीत असतो. तोवर आत पत्रा पापुद्रे सोडू लागतो, आणि एक दिवस किनारीपाशी बुडबुडा येतो. बुडबुडा दिसला म्हणजे आतलं काम झालेलं असतं. कापून पत्रा जोडणं हाच उपाय उरतो, आणि तसा पत्रा आता तयार सहजी मिळत नाही. रिम हजारदा बदलता येते, ही कमान नाही.

स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यात घालायची चकती, लावायचं म्हणाल, तर ती चाक बाहेर ढकलायची आणखी एक तऱ्हा. आत घासत असेल तर आतलं थांबतं, बाहेर घासायला लागतं. नटाला पकडायला आटे कमी उरतात, हा वेगळा धोका.

सगळेच लावतात, कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केलं. रस्त्यावर रोज कोणी थांबवत नाही. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र चाकांकडे नक्की बघतो.

क्लासिकवाल्यांसाठी दुसरा नियम जास्त महत्त्वाचा आहे. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र नोंदणी आणली: ५० वर्षांहून जुनी गाडी, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. १९७४ची पद्मिनी आता या वयात आली आहे. पहिल्या ८०० २०३३मध्ये येतील. रिम काढून मूळ लावता येते. कापलेली किंवा ठोकलेली कमान दाखवून मूळ रूप सिद्ध करणं अवघड. मुळातली स्टीलची रिम आणि तिची कॅप जपून ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका, तो तुमच्याकडून किलोवर घेईल आणि दुसऱ्या हौशीला नगावर विकेल.

टायर घेताना

खेडा, पिथमपूर इथे ब्रिजस्टोनचा कारखाना आहे. तिथून जवळच नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१पासून सुरू आहे. एवढं असूनही जुन्या बारा इंची साइझसाठी शहरात दोन-चार दुकानं फिरावी लागतात. कमी खपाचा साइझ म्हणजे दुकानात पडून राहिलेला माल. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं गोडाउनमध्ये पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका, खाचा कितीही खोल असोत. खाचांसाठी नियम निदान १.६ मिलिमीटरचा, पण उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीचा टायर खाचांमुळे नाही, वयामुळे जातो. भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की त्याचं काम संपलं.

मूळ रिम वापरत असाल तर ट्यूबलेसच्या मागे लागू नका. ट्यूबलेस टायरची कड अडकून राहावी म्हणून नव्या रिमच्या आतून एक उंचवटा असतो. जुन्या रिमला तो बहुतेक नसतो. रेडियल टायरला रेडियलचीच, त्याच साइझची ट्यूब टाकून घ्या. दुकानदार “इसमें यही चलती है” म्हणून जवळपासची ट्यूब काढतो. तिला आत घडी पडते आणि घडीवर ती फाटते.

चाकं बसवल्यावर अलाइनमेंट करा. मग शहरात ५० ते १०० किलोमीटर फिरवून झाल्यावर नट पुन्हा कसा. नव्या अलॉयवर ते पहिल्यांदा थोडे बसतातच. त्याच वेळी टॉर्च घेऊन कमानीच्या मागच्या-खालच्या कोपऱ्यात आणि टायरच्या आतल्या भिंतीवर बघा. तिथे काही काळं, चकचकीत दिसलं, तर रिम त्याच आठवड्यात परत न्या, दुकानदार बिल ओळखत असेपर्यंत.